रेन जॅकेट आतून सोलतंय, चिकट झालंय आणि वास मारतंय. घरी परत कोटिंग देता येतं का?

रानभैरी_पुणे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

२०१७ च्या मे मध्ये एक रेन जॅकेट घेतलं होतं साडेचार हजाराला (घरी अडीच सांगितले होते). कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. टॅगवर १०,००० मिमी वॉटरप्रूफ आणि ५,००० ब्रीदेबल असे आकडे होते, ते तेव्हाही कळले नव्हते पण मोठे दिसले म्हणून घेतलं. तीन पावसाळे कडक गेले, अंधारबन, राजगड, एकदा हरिश्चंद्रगडावर रात्रभर झोडपला तरी पाणी आत आलं नाही. मग २०२० आलं, मग मुलगी झाली आणि जॅकेट माळ्यावर गेलं ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. धुऊन ठेवलं होतं का आठवत नाही, बहुतेक नाहीच.

आता ताम्हिणीला जायचं ठरलं म्हणून काढलं तर पिशवी उघडल्या उघडल्या असा आंबूस वास आला की मी आधी मुलीकडेच बघितलं, वाटलं हिने कुठेतरी ओकून ठेवलंय. वास जॅकेटचा! आतली बाजू चिकट, हाताला गोंद लागावा तशी, आणि खांद्यापाशी तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पांढरट थर सुटून येतोय. शिवाय बाहेरचं कापड नळाखाली धरलं तर पाणी ओघळून न जाता सरळ पीत बसलंय.

तर हे नक्की काय झालं, एकही पाऊस न बघता जॅकेट मेलं कसं? आणि ऑनलाईन स्प्रे, सीलर असलं मिळतं त्याने परत वॉटरप्रूफ होईल का? का नवीनच घ्यायचं, आणि घ्यायचं तर त्या आकड्यांत बघायचं काय?

टवाळ_तात्या

माळ्यावर गाठ मारून ठेवलंस तिथेच त्याचं तेरावं झालं. आता इरलं घे, ब्रीदेबल पण असतं :)

ब्लेडवाला_भिवंडी

मी १४ वर्षं कोटिंग लाईनवर आहे, आधी सिल्वासाला, आता भिवंडीला. रेनवेअर, छत्री, बॅगेचं कापड सगळं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुझ्या जॅकेटवर एक कोटिंग नाही, दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुझ्या दोन्ही गेल्यात, वेगवेगळ्या कारणाने. बाहेरून असते ती फिनिश. कापड केमिकलच्या टबातून बुडवून काढायचं, रोलरमध्ये पिळायचं आणि स्टेंटरवर (कापड ताणून धरणारी लांब भट्टी) १५०-१६० डिग्रीला भाजायचं. ती धाग्याधाग्याला लागते, डोळ्याला दिसत नाही, तिचं काम एवढंच की थेंब पसरू द्यायचा नाही. अळूचं पान नळाखाली धर, तसं. ह्याने कापड वॉटरप्रूफ होत नाही, नुसतं पाणी झटकतं. धाग्यांमधली भोकं तशीच उघडी असतात, जोर लावला की पाणी आत.

आतून असतो तो खरा थर. तुझ्या जॅकेटला तो पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा. तो कसा देतात सांगतो कारण लोकांना वाटतं स्प्रे मारतात. नाही. आधी कापड कॅलेंडरमधून, म्हणजे दाबणाऱ्या जड रोलरांमधून काढून चपटं करतात म्हणजे विणीतल्या फटी कमी होतात, आणि ते पाणी झटकणारं फिनिश बऱ्याचदा आधीच थोडं देतात, नाहीतर पेस्ट कापडातून आरपार जाऊन पलीकडे डाग पडतात. मग कापड ताणून लाईनवर चालवायचं, वर एक लांब पातं असतं त्याला आम्ही नाइफ म्हणतो, त्याच्या मागे पेस्ट ओतायची, घट्ट दह्यासारखी, आणि पातं जादाची खरवडून घेतं, उरतो तो थर. पातळ थर हवा तर पात्याखाली काहीच आधार नसतो, नुसत्या ताणलेल्या कापडावर पातं टेकतं. जाड हवा तर खाली रोलर. मग ओव्हन. एका हाताला समाधान होत नाही, दोन तीन हात देतात.

ह्यातली खरी गंमत ओव्हनमध्ये आहे. पहिल्याच कप्प्यात आच जास्त लावली की वरती साय धरते आणि खालचं सॉल्व्हंट बाहेर पडायला साय फोडून येतं, तिथे सुईच्या टोकाएवढं भोक राहतं. आम्ही त्याला पिनहोल म्हणतो आणि हा आमचा जन्माचा शत्रू. म्हणून कप्प्याकप्प्याने आच चढवत न्यायची. दुसरा शत्रू म्हणजे पात्याखाली अडकलेलं धाग्याचं एखादं तूस. शे दोनशे मीटर सरळ रेघ ओढत जातं आणि त्या रेघेवर थरच नसतो. असा तागा नंतर कुठेतरी स्वस्तातल्या रेनकोटात जातोच जातो, फेकत कोण नाही. तुम्ही म्हणता नवाकोरा रेनकोट एकाच जागी गळतो, ती ही रेघ.

आता तुझं जॅकेट का मेलं. पीयू दोन जातीचं असतं, पॉलिएस्टरवालं आणि पॉलिईथरवालं. (कापड पॉलिएस्टरचं ते वेगळं, हे कोटिंगच्या आतलं रसायन आहे, गोंधळ नको.) पॉलिएस्टरवालं स्वस्त, घासायला कणखर, कापडाला छान धरतं, म्हणून साध्या मालात सर्रास तेच. पण त्याच्या साखळीत एस्टरचे जे जोड असतात ते पाण्याने तुटतात. धो धो पाणीच लागतं असं नाही, हवेतली ओल पुरते, फक्त ऊब आणि वेळ पाहिजे. जोड तुटला की ॲसिड सुटतं, त्या ॲसिडने पुढचे जोड अजून लवकर तुटतात. तो आंबूस वास त्याचाच. साखळी तुटत गेली की आधी चिकट, मग पापुद्रा, मग चुरा. ह्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. पत्र्याखालचा किंवा स्लॅबखालचा माळा, बंद पिशवी, आत घामाची ओल. तू त्याच्यासाठी भट्टीच लावून दिलीस. रोज वापरलं असतंस आणि वाळवत राहिला असतास तर अजून थोडी वर्षं सहज काढली असती.

बुटांचं पण हेच. चार वर्षं खोक्यात जपून ठेवलेले ट्रेकिंग शूज गडावर गेल्यावर सोल सोडतात ना, त्यातला मऊ थर पीयूचा असतो. ऑफिसच्या खुर्चीचं काळं लेदर सोलून पँटीला लागतं ते पण तेच.

परत कोटिंग: पूर्ण जॅकेटला घरी देऊ नकोस. खालचा थर सडलाय, त्याच्यावर नवीन दिलास तरी तो सडक्यालाच चिकटणार आणि दोघं मिळून सुटणार. भिंतीचा पोपडा न खरवडता वरून रंग दिल्यासारखं.

रानभैरी_पुणे

दादा, दंडवत. आठ वर्षांत कुणी हे सांगितलं नव्हतं. म्हणजे पावसाने काही झालं नाही, मीच उकडून मारलं. पण बाहेरचं फिनिश का गेलं मग? ते पण सडलं का?

मँचेस्टरचा_मावळा

नाही, ते बहुतेक मळलंय. ह्या भागावर मी लिहितो, इथे वर्षाचे बारा महिने पाऊस असल्याने आम्ही सगळे ह्यातले सक्तीचे तज्ज्ञ झालोय.

थेंब पसरायचा का गोळा व्हायचा हे पृष्ठताणावर ठरतं. शाळेतलं थोडं आठवा. पाण्याचा ताण ७२ (मिलिन्यूटन दर मीटरला), तेलांचा साधारण २० ते ३५. कापडाचा पृष्ठभाग द्रवापेक्षा बराच कमी 'ओढीचा' असेल तर थेंब गोळा होतो. मेण आणि सिलिकॉन पाणी झटकायला पुरतात पण तेल नाही. तेल पण झटकायचं तर फ्लोरिनवालं फिनिश लागतं, म्हणून इतकी वर्षं सगळे चांगले जॅकेटवाले तेच वापरत होते. आता कॉलर आणि मनगटापाशी अंगाचं तेल, सनस्क्रीन, धूर, शिवाय धुताना राहिलेली साबण पावडर असं सगळं त्याच्यावर बसतं. साबणाचं तर कामच पाण्याला कापडात शिरवायचं, तो उरला की फिनिश असून नसल्यासारखं. फॅब्रिक सॉफ्टनर त्याहून वाईट.

त्यामुळे ज्यांचं आतलं कोटिंग अजून शाबूत आहे त्यांनी आधी एवढंच करा. लिक्विड साबण अगदी थोडा, सॉफ्टनर नाही, आणि दोनदा तीनदा साध्या पाण्यातून खळबळून काढा, मग वाळल्यावर ऊब द्या. फ्लोरिनच्या शेपट्या धुण्याने आडव्या पडतात त्या उबेने परत उभ्या राहतात. इथे ड्रायरमध्ये २० मिनिटं टाकतात. तिकडे इस्त्री सर्वात कमीवर, बाहेरच्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून. आधी लेबल वाचा हां, नाहीतर मला शिव्या. निम्म्या जॅकेटांचं दुखणं एवढ्यानेच जातं. नाही गेलं तरच धुण्यातलं किंवा स्प्रेचं फिनिश विकत घ्या.

पण एक आहे, ते फ्लोरिनवालं आता चाललंय बाजारातून. ही रसायनं मातीत पाण्यात मोडतच नाहीत. त्यातलं पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत हा सगळा वर्गच (त्याला पीएफएएस म्हणतात) बंद केला, अतिपावसाच्या खास कपड्यांना थोडी मुदत आहे फक्त. म्हणून नव्या जॅकेटांवर लिहिलेलं दिसेल पीएफएएस फ्री वगैरे. चांगलंच आहे, पण त्यांना तेल झटकता येत नाही, म्हणजे लवकर मळतात, म्हणजे जास्त वेळा धुवायची. लोक उलट करतात, धुतल्याने खराब होईल म्हणून वर्षभर धूतच नाहीत.

जाता जाता, मी ज्या गावात बसून हे लिहितोय तिथेच ह्या प्रकाराचा कारखाना उभा राहिला. चार्ल्स मॅकिंटॉश मूळचा ग्लासगोचा, १८२३ चं पेटंट. कोळशाचा गॅस काढताना नॅफ्था उरायचा त्यात त्याने रबर विरघळवलं आणि दोन कापडांच्या मध्ये ती खळ लावून चिकटवली. कारखाना मँचेस्टरला. पण ते कोट थंडीत पत्र्यासारखे ताठ आणि उन्हात चिकट व्हायचे, वासाचं तर विचारूच नका. आणि शिंप्यांनी शिवताना सुईची भोकं पाडली की तिथून गळायचे! पुढे गंधक घालून रबर भाजायची युक्ती सापडली, अमेरिकेत गुडइयर आणि इकडे हॅनकॉक, १८४३-४४ ची पेटंटं, तेव्हा कुठे तो चिकटपणा थांबला. दोनशे वर्षांनी पण भैरीची तक्रार तीच आहे, आतून चिकट आणि वास :)

सिस्टर_मिरज

मी ट्रेकवाली नाही, वाचत बसले होते. आमच्याकडे वॉर्डात पेशंटच्या खाली जे रबरी कापड घालतात त्याला आम्ही अजून मॅकिंटॉशच म्हणतो!! "मॅकिंटॉश घाल गं" असं दिवसातून दहादा होतं. हे माणसाचं नाव आहे हे २२ वर्षांच्या नोकरीत आज कळलं. आणि ते पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, घडी घालून ठेवायचं नाही, पुसून वाळवून पावडर लावून गुंडाळी करायची, घडीवर चिरतं. भैरी दादांच्या जॅकेटलाही घडी नडली असणार.

ब्लेडवाला_भिवंडी

सिस्टर एकदम बरोबर. घडी जिथे मोडते तिथे थर ताणला जातो आणि पहिली चीर तिथेच. टांगून ठेवा नाहीतर सैल गुंडाळा. आणि बंद पिशवी नको.

कराडकर_आजोबा

तुमची चर्चा वाचून मौज वाटली. आमच्या लहानपणी दोनच गोष्टी, इरलं आणि घोंगडी. इरलं भात लावणीला, ओणवं होऊन दोन्ही हात मोकळे राहायचे, पाठ कोरडी. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की रानात दिवसभर गुरांमागं. ओली झाली की जड व्हायची हे खरं, पण ओली असली तरी आत ऊब राहायची, हे तुमच्या प्लास्टिकला जमत नाही.

सणगरांच्या मागावर मी घोंगडी विणताना बघितली आहे. ताणा बाहेर लांबच लांब पसरायचे आणि चिंचोक्याची खळ करून मोठ्या कुंच्याने त्याला चोपडायचे. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून वाटून शिजवायचे. हे पण कापडाला लेप देणंच झालं की नाही? नवीन घोंगडी त्या खळीनं उभी राहील इतकी ताठ असायची.

नंतर शाळामास्तर झालो तेव्हा डकबॅकचा रेनकोट घेतला. कलकत्त्याची कंपनी, स्वदेशीच्या काळात सुरेंद्र मोहन बोस यांनी १९२० साली काढलेली. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही म्हणून ते नाव. आत रबराचा थर, वजन भरपूर, पण मी तो निवृत्त होईपर्यंत वापरला. रोज सायकलीवरून येऊन पडवीत खुंटीला टांगायचो, कधी घडी केली नाही, आता तुमच्या बोलण्यावरून वाटतं त्यामुळेच टिकला असेल.

ब्लेडवाला_भिवंडी

आजोबा नमस्कार करतो. ती खळ म्हणजे आमच्या भाषेत सायझिंग. पाण्यासाठी नसते, विणताना ताण्याचं सूत घासून तुटू नये म्हणून. इचलकरंजी, भिवंडीत अजून घरटी कुणीतरी सायझिंगमध्ये आहे, फक्त चिंचोक्याच्या जागी स्टार्च आणि पीव्हीए (पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) आलं. पण लेप म्हणाल तर लेपच, खरंय. घोंगडीला पाणी झटकायला मदत करतं ते लोकरीतलं मूळचं मेण. सगळं धुऊन काढलं की ती मजा जाते.

आणि मेणकापड विसरलो आपण. पूर्वी सुती कापडाला जवसाच्या तेलाचे हात देऊन वाळवायचे. ते तेल नुसतं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट पापुद्रा धरतं. कुणाला घरी करून बघायची हुक्की आली तर एक सांगून ठेवतो, जवसाचं तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना स्वतःच तापते आणि पेटू शकते. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा. ही भीती घालायची म्हणून नाही, खरंच होतं.

पैसेवाला_पदयात्री

एवढा काथ्याकूट कशाला. सरळ गोअर-टेक्स घे, वीस हजार जातील पण विषय संपला. स्वस्तातलं कोटिंग घेतलं की हे असंच होणार.

शिलाईताई_नाशिक

पदयात्री, विषय संपत नाही हो. माझा रकसॅक कव्हर, टेंट, पोंचो शिवायचा आणि दुरुस्तीचा छोटा धंदा आहे, माझ्याकडे वीस हजाराची जॅकेटं पण येतात रडत.

गोअर-टेक्स हे कोटिंगच नाही, ते मेम्ब्रेन आहे, म्हणजे इतकी वर्षं टेफ्लॉन ताणून केला जाणारा फार पातळ पडदा. १९६९ मध्ये बॉब गोअरने तापवलेली टेफ्लॉनची दांडी हळूहळू न ओढता एकदम हिसका देऊन ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली, आत बारीक बारीक छिद्रं. त्या छिद्रांतून वाफ जाते, थेंब जात नाही. हा पडदा कापडाला चिकटवतात. त्याचं हायड्रॉलिसिस होत नाही हे मान्य, पण चिकटवलेलं सुटतं, शिलाईवरची टेप सुटते, आणि बाहेरचं कापड पाणी प्यायला लागलं की वाफ बाहेर जायला जागाच उरत नाही. मग आतून घाम, आणि गिऱ्हाईक म्हणतं ताई गळतंय. गळत नसतं, घाम असतो.

आता ते आकडे. १०,००० मिमी म्हणजे कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा केला तरी थेंब आत येत नाही. नव्या कापडावर हां, लॅबमध्ये. पावसाचा मारा एवढा नसतोच, १,५०० ला पण उभ्या माणसावरचा पाऊस थांबतो. पण सॅकचा पट्टा खांद्यावर रुततो, ओल्या दगडावर तुम्ही बूड टेकता, तिथे दाब कितीतरी जास्त. म्हणून भैरीदादा तुमचा थर खांद्यापाशी आधी सुटला, तिथे पट्टा वर्षानुवर्षं घासलाय.

५,००० ब्रीदेबल म्हणजे दिवसभरात एका चौरस मीटरमधून ५,००० ग्रॅम वाफ. तासाला भागा, २०० ग्रॅमच्या आसपास. चढ चढताना माणसाला तासाला अर्धा लिटर घाम सहज येतो, जास्तच. आणि ते २०० पण कधी, तर आत गरम दमट आणि बाहेर थंड कोरडं असेल तेव्हा. जुलैत ताम्हिणीत काय असतं? बाहेर पण धुकं, हवा पाण्याने भरलेली, २२-२४ डिग्री. वाफेला बाहेर जायला कारणच नाही! हिमालयात किंवा मँचेस्टरला जे जॅकेट श्वास घेतं ते सह्याद्रीत दम कोंडून बसतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते, आपल्या पावसासाठी वीस हजार घालू नका, काखेत चेन असलेलं, सैल, साध्या कोटिंगचं घ्या, नाहीतर सरळ पोंचो. वारा खालून खेळला पाहिजे. अपवाद म्हणजे डिसेंबर-जानेवारीत हिमालयात जाणार असाल, तिथे तो पडदा पैसे वसूल करतो.

कापड निवडायचं तर माझी आवड सिलनायलॉन, म्हणजे नायलॉनला दोन्हीकडून सिलिकॉन. पाण्याने सडत नाही आणि फाटायला चिवट. त्याचं कारण मजेशीर आहे, पीयू धाग्यांना जखडून टाकतो म्हणून एकेक धागा पटापट तुटत फाटा पुढे जातो, सिलिकॉनमध्ये धागे सरकून एकमेकांना बिलगतात, पाच दहा धागे मिळून ओढ झेलतात. गाडीतल्या एअरबॅगच्या कापडाला पण सिलिकॉनच देतात. वाईट बाजू पण सांगते, भयंकर निसरडं, मशीनवर शिवताना देव आठवतो, आणि त्याला शिलाईची टेप चिकटतच नाही, सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही. मग शिलाईच्या रेघांवर सिलिकॉन सीलर टर्पेंटाईनमध्ये पातळ करून ब्रशने लावायचा, रात्रभर वाळवायचा.

पैसेवाला_पदयात्री

ताई घाव वर्मी बसला. माझ्याकडे दोन आहेत त्यातलं. घामाचं म्हणाल तर खरंय, भीमाशंकरला मी आतून पूर्ण भिजलो होतो आणि कंपनीला मेल टाकला होता की गळतंय :(

रानभैरी_पुणे

ताई, घरातल्या बाकीच्या वस्तू पण काढून बसलोय आता. एक जुना शाळेचा रेनकोट आहे, एक सॅक कव्हर, एक टेंट. कशाला काय कोटिंग आहे ओळखायचं कसं?

शिलाईताई_नाशिक

हात लावून. एका बाजूला गुळगुळीत चकाकी आणि दुसऱ्या बाजूला नुसतं कापड असेल तर बहुतेक पीयू किंवा ॲक्रिलिक. दोन्ही बाजू सारख्या निसरड्या आणि सेलोटेप चिकटत नसेल तर सिलिकॉन. जड, जाड आणि तो जून महिन्याचा नव्या रेनकोटाचा वास येत असेल तर पीव्हीसी.

ब्लेडवाला_भिवंडी

पीव्हीसीची पक्की परीक्षा: तांब्याची तार गॅसवर लाल कर, त्या वस्तूच्या कोपऱ्याला टेकव, परत ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन आहे, म्हणजे पीव्हीसी. खिडकी उघडी ठेव, धूर नाकात जाऊ देऊ नकोस आणि मुलीला लांब ठेव.

पीव्हीसीचं मरण वेगळं असतं. ते मुळात कडक प्लास्टिक, तेलासारखं प्लास्टिसायझर घालून मऊ केलेलं. ते तेल वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं म्हणून जुना रेनकोट कडक होऊन घडीवर तडकतो. रेक्झिनचं सीट तडकतं ते तसंच. रेक्झिन हे खरं तर एका इंग्रज कंपनीचं नाव, तिचा माल नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेल्या कापडाचा होता. आपल्याकडे रिक्षाच्या सीटपासून सोफ्यापर्यंत सगळंच रेक्झिन. आणि ताडपत्रीत आता ताड पण नाही आणि पत्री पण नाही, एचडीपीईच्या (कणखर पॉलिथिनच्या) पट्ट्या विणून दोन्हीकडून पातळ पॉलिथिन ओतलेलं असतं.

रानभैरी_पुणे

अपडेट. शाळेचा रेनकोट: ज्योत हिरवीगार, सासूबाई बघत होत्या, त्यांना वाटलं मी काहीतरी उतारा करतोय. सॅक कव्हर पीयू, कोपऱ्यात आत्ताच चिकट लागतंय, ते धुऊन दोरीवर टांगलंय. टेंट सिलिकॉनचा निघाला, ठणठणीत.

जॅकेटचं काय करावं सुचवा, फेकवत नाही.

शिलाईताई_नाशिक

मग पूर्ण खरवडून टाका. कोमट पाण्यात साबण घालून तासभर भिजवा आणि भांडी घासायच्या मऊ ब्रशने आतून घासा, हट्टी जागी थोडं स्पिरीट. सगळा थर गेला पाहिजे, अर्धवट नको. शिलाईवरच्या टेपा पण निघतील, निघू द्या. उरेल ते नुसतं नायलॉनचं हलकं कापड, थंडीत वाऱ्याला अडवायला उत्तम विंडचीटर. फक्त तो चुरा मोरीत सोडू नका, पाणी जुन्या ओढणीतून गाळून चुरा कचऱ्यात टाका.

रानभैरी_पुणे

झालं. दीड तास घासत होतो, बादलीत साबुदाण्याच्या खिचडीसारखा पांढरा लगदा. वास गेला. कापड खरंच चांगलं निघालं, एवढं हलकं की खिशात मावतंय. पावसासाठी ताईंकडून पोंचो मागवतोय, व्यनि केलाय.

एवढंच झालं की बाथरूमच्या दारात उभी राहून बायको सगळं बघत होती आणि म्हणाली, अडीच हजाराच्या जॅकेटसाठी एवढा जीव का टाकतोयस रे?